'बरं वाटलं' म्हणजे नेमकं काय झालं?

आई दर सोमवारी सोलापूरच्या सिद्धेश्वराला जाते. परत आली की उंबऱ्याशी चपला काढता काढता एवढंच म्हणते, "बरं वाटलं." गुडघे जाताना जेवढे दुखत होते तेवढेच येतानाही दुखत असतात. रक्तदाबाची गोळी चालूच आहे. वडील गेल्यापासून घरात जी पोकळी आहे, ती देवळाच्या एका खेपेत भरून निघत नाही. तरी तिचा चेहरा वेगळा असतो, चाल सैल पडलेली असते, आणि त्या रात्री तिला झोप लागते. मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे 'बरं वाटलं' हे ऐकलं की मला प्रश्न पडतो, शरीरात नेमकं काय झालं?

आपल्या भाषेनं एक फरक जपून ठेवला आहे. ताप उतरला, हाड जुळलं, की माणूस बरा होतो. पुण्याला शिकायला गेलेल्या लेकाचा फोन आला, पहिल्या पावसाचा वास आला, आरतीला टाळ हातात मिळाला, की माणसाला बरं वाटतं. भक्तीतल्या आनंदानं दुखणी जातात असं सांगणारे लोक या दोहोंची सरमिसळ करतात. 'हे सगळे मनाचे खेळ' म्हणून हसणारेही तीच सरमिसळ करतात, फक्त उलट्या बाजूनं. मला दोघांचंही पटत नाही. बरं वाटणं ही शरीरात खरोखर घडणारी गोष्ट आहे. तिची वाट बऱ्यापैकी माहीत आहे आणि ती वाट कुठे थांबते हेही माहीत आहे.

आधी आनंद कशाला म्हणायचं ते बघू. होम मैदानावर उंच पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा येतो तोही आनंदच, पण आई ज्याबद्दल बोलते तो निराळा. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: प्रसन्नता. 'प्रसन्न' आणि 'प्रसाद' हे दोन्ही शब्द एकाच धातूतून आले आहेत. सद् म्हणजे बसणं, खाली स्थिरावणं. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, की संस्कृतात ते पाणी 'प्रसन्न'.

हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून घरोघरी पिंप, टाक्या, हंडे भरून ठेवायची सवय आहे. माझ्या लहानपणी पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आजी त्यात तुरटी फिरवायची. चार-पाच वेढे द्यायचे आणि हंडा तसाच सोडून द्यायचा. मी सारखी जाऊन हंड्यात बघायचे, तर ती रागवायची, "हलवू नको, बसू दे त्याला." सकाळी तळाला बोटभर गाळ आणि वर आरशासारखं पाणी. गाळ हंड्यातच असायचा, फक्त खाली बसलेला असायचा. प्रसन्नता या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला अजून सापडलेला नाही. चिंता संपलेली नसते, ती तळाला गेलेली असते.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की 'प्रसाद' लाभला की सगळ्या दुःखांची हानी होते. तिथे प्रसाद म्हणजे पेढा नव्हे, मनाचं हे निवळणं. आणि सतराव्या अध्यायात मनाच्या तपाची यादी आहे, तिच्यात सगळ्यांत पहिलं नाव 'मनःप्रसाद' असं येतं. मन प्रसन्न ठेवणं हे तप! म्हणजे आनंद नशिबानं मिळाला तर मिळाला असं नाही. उपवासासारखा, मौनासारखा तो रोज करायचा आहे. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले होते.

आता शरीराकडे येऊ. धोका दिसला की शरीर सावध होतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसोल येतं. हृदय जोरात धावतं, रक्तदाब चढतो, स्नायू ताणले जातात, पचन मागं पडतं. कुत्रं अंगावर आलं तर हे सगळं जीव वाचवणारं आहे. कुत्रं निघून गेलं की थोड्या वेळात सगळं हळूहळू जागेवर येतं. पण कर्जाचा हप्ता निघून जात नाही. लूम बंद पडल्याची काळजी रात्री दिवा घालवल्यावरही उशाशी असते. विडी वळणाऱ्या बाईचं मन पुढच्या महिन्याच्या फीमध्ये अडकलेलं असतं, हात मात्र पानावर चालू असतात. शरीराला या धोक्यांतला आणि कुत्र्यातला फरक कळत नाही. घंटा वाजतच राहते. वर्षानुवर्षं वाजत राहिली तर रक्तदाब, झोप, साखर, पचन सगळ्यांवर तिचा भार पडतो.

मग ही घंटा थांबवतं कोण? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अचानक सांगितलं, एका मिनिटात भाषण तयार करा, त्याचं चित्रीकरण होणार आहे आणि त्यावर तुम्हाला जोखलं जाणार आहे. साहजिकच सगळ्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. मग त्यांना वेगवेगळ्या चित्रफिती दाखवल्या. कुणाला खेळणारं कुत्र्याचं पिल्लू, कुणाला समुद्राच्या लाटा, कुणाला काहीच भावना न जागवणारं दृश्य, कुणाला दुःखाचा प्रसंग. पिल्लू आणि लाटा बघणाऱ्यांचं हृदय आणि रक्तवाहिन्या सगळ्यांत लवकर मूळ जागी आल्या. दुःखाचा प्रसंग बघणाऱ्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे: आनंदानं ताण येणं थांबलं नाही. भाषणाची भीती सगळ्यांनाच वाटली. आनंदानं चढलेलं उतरवलं, आणि लवकर उतरवलं. तुरटीनं गाळ लवकर बसावा तसं. आई देवळातून येते तेव्हा तिच्या शरीरात घडलेली पहिली गोष्ट हीच असावी, आठवडाभर चढत गेलेलं काहीतरी उतरलेलं असतं. देवळाभोवतीच्या तलावाच्या काठावर दहा मिनिटं बसून पाण्याकडे बघण्यातही उपचार आहे, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

दुसरी वाट श्वासाची. 2001 साली इटलीतल्या पाव्हिया इथले डॉक्टर लुचानो बेर्नार्दी यांच्या गटानं 23 निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या, कॅथलिक लोकांची लॅटिन जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. त्या संथ लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झालेली दिसली. धर्म दोन, भाषा दोन, आणि श्वासाची लय एकच निघाली.

यामागचं कारण सोपं आहे. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब चेता आहे. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगानं धावतं, बाहेर सोडताना व्हेगस त्याला लगाम घालते. म्हणजे बाहेर जाणारा श्वास जितका लांब, तितका हृदयाला विसावा जास्त. अभंगाची लांबवलेली ओळ, आरतीतला शेवटचा ओढलेला स्वर, यांत आपण वेगळं काय करतो? श्वास हळू आणि लांब सोडतो. म्हणणाऱ्याला व्हेगस माहीत असायची गरज नाही.

तिसरी वाट मला सर्वांत प्रिय आहे, आणि ती समजायला जानेवारीत सोलापुरात असावं लागतं.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांनी, या गावात 68 लिंगं स्थापली असं आपण मानतो. यात्रेत उंच नंदीध्वज निघतात, आपण त्यांना काठ्या म्हणतो. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं कमरेच्या पट्ट्यावर एवढी मोठी काठी तोलत चालतात. यात्रेच्या कितीतरी आधीपासून त्यांचा सराव चालू असतो. ज्यानं हे जवळून पाहिलंय त्याला ठाऊक आहे की काठी एकट्यानं तोलता येत नाही. एक जण पट्ट्यात घेतो, भोवतीचे दोऱ्या धरतात, आणखी दहा जण नजरेनं धरतात. "हर्र बोला हर्र" असा गजर उठला की मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे गळे एक होतात. दिवसभर चालून पाय सुजलेल्या माणसाला विचारा, दमलास का? तो हसतो.

त्या हसण्याचा एक धागा ऑक्सफर्डपर्यंत जातो. 2010 साली तिथल्या संशोधकांनी नाव वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच खेळाडू, व्यायामयंत्रावर तेवढीच मेहनत, एकदा एकट्यानं आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका ठेक्यात. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो आवळत न्यायचा आणि दुखायला लागलं की सांगायचं. मिळून वल्हवल्यावर त्यांना जास्त दाब सोसला. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं एका ठेक्यातल्या हालचालीनं जास्त सुटत असावीत, असा त्यांचा अंदाज. 2013 साली स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी समूहगान करणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके नोंदले, तर गाणं जसं पुढं जाई तसे सगळ्यांचे ठोके एकत्र वेग घेत आणि एकत्र मंदावत. एकाच ओळीला श्वास सोडायचा, एकाच ठिकाणी घ्यायचा, म्हणून.

गल्लीतल्या मंगळवारच्या भजनाला आमच्या आईच्या शेजारी एक पद्मशाली काकू बसतात. घरात त्या तेलुगू बोलतात, त्यांचे मराठी शब्द अर्धेमुर्धे लागतात, पण ठेका चुकत नाही. दोघींचे नवरे एका वर्षाच्या अंतरानं गेले. त्या बाबतीत दोघी एकमेकींशी फारसं बोललेल्या मला आठवत नाहीत. टाळ वाजवतात. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्यातलं सांत्वन तिथेच होतं, दोन हृदयं एका लयीत येतात तिथे.

याच यात्रेतल्या अक्षता सोहळ्यातून मला आणखी एक गोष्ट उमगली. कथा सगळ्यांना माहीत आहे. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाची इच्छा धरली. ते विरक्त होते, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला अनुमती दिली. तो विवाह आजही दरवर्षी लागतो आणि लाखो माणसं संमती कट्ट्याभोवती दाटीवाटीनं उभी राहून अक्षता टाकतात. कुणाच्या घरचं लग्न? कुणाच्याच नाही आणि सगळ्यांच्याच. पतंजलींच्या योगसूत्रात चित्त निवळण्याचे चार उपाय दिले आहेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, आणि वाईटाकडे उपेक्षा. तिथेही शब्द 'चित्तप्रसादन' असाच आहे. पुन्हा तोच प्रसाद. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात आपला आनंद. हा फार कठीण आनंद आहे. शेजाऱ्याच्या मुलाला नोकरी लागली की पोटात बारीकशी कळ येते, ती कुणाला चुकलीय? आणि इथे एक सबंध गाव एका परक्या मुलीच्या लग्नात निर्भेळ आनंदानं उभं राहतं. वर्षातून एकदा का होईना, मुदिता अंगाला कशी लागते याची चव मिळते. एकदा चव कळली की शेजाऱ्याच्या पेढ्याचीही हळूहळू कळायला लागते.

सिद्धरामेश्वर बसवण्णांच्या ज्या शरण परंपरेत गेले, तिच्यात भक्ताच्या वाटचालीचे सहा टप्पे मानतात: भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य. तिसरा टप्पा प्रसादीचा. जे वाट्याला आलं ते प्रसाद म्हणून घेणारा तो प्रसादी. आणि त्या परंपरेत कायक, म्हणजे हातांचं काम, हीच पूजा. सिद्धरामेश्वर स्वतः तळं खोदणारे. आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी मळ्यात भाजी लावता लावता विठ्ठल बघणारे. म्हणून या सगळ्याला यात्रेची वाट बघावी लागत नाही. सकाळी तव्यावरची भाकरी टम्म फुगते तेव्हा क्षणभर तिच्याकडे बघत राहणं, हे छोटं कामसुद्धा त्याच घरातलं आहे. शरीराच्या हिशेबात असे रोजचे छोटे विसावे मोलाचे ठरतात, कारण काळजीही रोजच येते.

आता जे बोलायला जड जातं ते बोलते. आमच्या नात्यातल्या एका बाईंना कर्करोग झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "आनंदी राहा, नामस्मरण करा, नक्की बऱ्या व्हाल." दुखणं वाढलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माझंच काहीतरी कमी पडलं बघ." त्या वाक्यानं माझं आजही काळीज हलतं. 2007 साली डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मन किती उत्साही होतं यावरून माणूस किती जगेल हे ठरताना दिसलं नाही. त्या बाईंचं काहीही कमी पडलं नव्हतं.

आनंदी माणसं जास्त जगतात असं आपण ऐकतो, त्याचंही असंच आहे. 2001 साली अमेरिकेतल्या 180 कॅथलिक नन्सचा एक गाजलेला अभ्यास आला. त्यांनी विशी-बाविशीत लिहिलेल्या आत्मकथनांत ज्यांच्या लेखणीत आनंद जास्त होता, त्या जास्त वर्षं जगल्या. पण 2015 साली ब्रिटनमधल्या 7 लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास आला. त्यात आधीपासूनचं आजारपण हिशेबात धरल्यावर आनंदाचा आयुष्याच्या लांबीशी थेट संबंध दिसला नाही. आजारी माणूस उदास असतो, म्हणून उदासीनं माणूस मरतो असं वाटत राहतं. मला दुसऱ्या अभ्यासाचं पारडं जड वाटतं. आणि त्यानं माझं काही बिघडत नाही. आई देवळात जाते ती वर्षं वाढवायला जात नाही.

आणखी एक. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटेनाशी झाली, आवडतं भजनही कोरडं जायला लागलं, झोप-भूक बिघडली, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. आनंद जाणवणं हेच त्या आजारात बंद पडतं. अशा माणसाला 'देवावर भार टाक' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला काठी पेलायला लावणं. त्याला भक्ती कमी पडलेली नसते, त्याला डॉक्टर हवा असतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि रक्तदाबाची, साखरेची गोळी नामस्मरण चांगलं चाललंय म्हणून कुणीही बंद करू नये.

रडू येत असेल तर येऊ द्यावं. मंगळवेढ्याला चोखोबा राहिले. पंढरपूरच्या देवळात महाद्वाराच्या आत पाऊल टाकू न दिल्याचं दुःख त्यांनी विठ्ठलापाशी उघड मांडलं, ते हसण्याखाली झाकलं नाही. त्यांची समाधी आज त्याच महाद्वारासमोर आहे. जबरदस्तीनं चेहरा हसरा ठेवणं म्हणजे हंडा सारखा हलवत राहणं. गाळ मग बसत नाही.

परवा सोमवारी आई आली, चपला काढल्या, म्हणाली, "बरं वाटलं." पदराच्या गाठीतून खडीसाखरेचे चार खडे काढले, दोन माझ्या हातावर ठेवले, एक देवापुढं, एक स्वतःच्या तोंडात. खुर्चीवर टेकली, गुडघा दोन्ही हातांनी दाबत राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, "अगं, ती गोळी दे माझी. आणि पाणी त्या वरच्या हंड्यातलं दे, निवळलंय ते."